चिंधीचा बोळा

ट्रॅक्टर चालू न होणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्याच्या वाट्याला ती वर्षातून दोनदा तरी येतेच. पण तो कोणत्या दिवशी रुसतो, यावर सगळे अवलंबून असते. आमचा ट्रॅक्टर रुसला तो नोव्हेंबर २००९ मध्ये, फयान वादळाच्या पावसात.

निफाड तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग. तेव्हा आम्ही दोघे भाऊ एकत्र होतो. छाटणी होऊन महिना उलटला होता आणि बाग ऐन फुलोऱ्यात होती. ११ नोव्हेंबरला ते वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. किनारा आमच्यापासून लांब, पण आभाळ काही तालुक्याची हद्द पाहत नाही. आमच्याकडे रात्रभर पाऊस पडला. द्राक्षवाल्याला मी वेगळे सांगायला नको. फुलोऱ्यातल्या बागेची पाने रात्रभर ओली राहिली की डाऊनी आलाच म्हणून समजावे. पानावर तेलकट डाग, खालून पांढरी बुरशी, आणि ती घडावर गेली की घड बघता बघता काळा पडून गळतो. पाऊस उघडला की जितक्या लवकर फवारणी होईल तितके घड आपले.

पहाटे पाऊस थांबला. बॅटरीच्या उजेडात आम्ही ब्लोअर जोडला, सौ.ने औषध कालवून ठेवले. मी गादीवर बसलो, सेल्फ मारला आणि ट्रॅक्टर पहिल्याच दणक्याला चालू झाला. मला हायसे वाटले. पण बागेच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याचा आवाज बदलला. दम लागलेल्या माणसासारखा तो दोन-तीनदा गुदमरला आणि बंद पडला.

मग मी जे केले ते शंभरातले नव्वद जण करतात. सेल्फवर सेल्फ मारत सुटलो. वास्तविक सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये, आणि दोन वेळांच्या मध्ये अर्धा-एक मिनीट तरी बॅटरीला आणि सेल्फच्या मोटारीला उसंत द्यावी. मी कसली उसंत देतो! पाव तासात बॅटरी बसली. नुसता ‘टक्‌’ असा आवाज यायला लागला.

त्या घाईत मी एकदाही मागे वळून धुराच्या नळीकडे पाहिले नाही. पाहिले असते तर पुष्कळ कळले असते. सेल्फ फिरतो आहे आणि नळीतून धूरच नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नाही. टाकीपासून नोझलपर्यंत वाट कुठेतरी अडली आहे. पांढरा धूर येतो पण इंजिन पकडत नाही, म्हणजे डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. थंडी असेल, कॉम्प्रेशन गेलेले असेल, पंपाचा टायमिंग हललेला असेल, नाहीतर डिझेलात पाणी असेल. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. आधी एअर क्लीनर उघडून पाहावा. आमच्या नळीला तेव्हा सुरुवातीला थोडा पांढरा धूर होता, मग काहीच नाही. हे मला नंतर धाकट्याने सांगितले. त्याने पाहिले होते. पण मी त्याला बोलू दिले तर ना!

आदल्या संध्याकाळी पाइप वाहायला ट्रॅक्टर त्याने नेला होता. मी सरळ त्याच्यावर घसरलो. “टाकी कोरडी केलीस आणि एअर घेतली असंल. वापरायला तुला पायजे, निगा राखायला मात्र मी!” आई ओट्यावर होती, दोघी जावा तिथेच, मजूर बायाही येऊन उभ्या राहिलेल्या. तो एवढेच म्हणाला, “दादा, टाकी अर्धी भरलेली हाये. बघ तरी.” मी पाहिले नाही. आणखी दोन शब्द बोललो, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्याने पाठीवरचा पंप उचलला, औषध भरले आणि एकटाच बागेत गेला. अडीच एकराला पाठीवरचा पंप कुठवर पुरणार?

एअर घेणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात नवीनच ट्रॅक्टर किंवा जीप आली आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी लागत नाही. हवा सोळा ते अठरा पट दाबली जाते, दाबल्याने ती लाल लोखंडासारखी तापते आणि नोझलमधून त्यात डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनीअरने १८९७ साली ऑग्सबर्ग गावी असे इंजिन चालवून दाखवले, त्याचेच नाव पुढे तेलाला पडले. आता हा फवारा पडायला पंपाला फार मोठा दाब द्यावा लागतो. डिझेल दाबले जात नाही, म्हणून दाब थेट नोझलवर जातो. पण पाइपात हवेचा बुडबुडा असला तर पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो आणि नोझल काही उघडत नाही. टाकी कोरडी झाली, फिल्टर बदलला, एखादे तांब्याचे वायसर चिरले, रबरी नळी कुजली, की हवा शिरलीच. रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी त्रास देतो आणि एकदा चालू झाला की दिवसभर नीट चालतो, अशा गाडीत बहुतेक वेळा एखाद्या सांध्यातून डिझेल मागे उतरत असते. पाइपावर सगळीकडे कोरडी धूळ आणि एकाच सांध्याला ओली माती चिकटलेली दिसली, तर तिथे आधी पाना लावावा.

तर मी हवा काढायला बसलो. रीत अशी की टाकीकडून इंजिनाकडे यायचे, उलटे नाही. पहिल्या फिल्टरचा वरचा स्क्रू सैल करायचा आणि फीड पंपाची हाताची दांडी मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार लागली की वाहती असतानाच स्क्रू आवळायचा. मग दुसरा फिल्टर. मग पंपावरचा स्क्रू. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून ॲक्सिलेटर पूर्ण देऊन सेल्फ मारायचा. तिथे डिझेल उसळले की आवळून टाकायचे. नोझलपाशी बोट किंवा तोंड नेऊ नये. तो फवारा कातडीतून आत घुसतो. बाहेरून टाचणी टोचल्याएवढे दिसते, पण आत हात सडतो. असे झाले तर हळद भरून घरी बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा.

मी पहिल्या फिल्टरची हवा काढली. सलग धार लागली. दुसऱ्याची काढली. शेजाऱ्याच्या जीपची बॅटरी आणून जोडली. ट्रॅक्टर ढिम्म. नऊ वाजून गेले. ऊन पडायला लागले आणि चौफेर बागांतून लोकांचे ब्लोअर ऐकू येऊ लागले. तो आवाज ऐकताना पोटात कालवत होते.

मिस्त्रीला फोन लावला. त्याच्याकडे त्या दिवशी गावोगावची ट्रॅक्टरे अडलेली. म्हणाला, “दुपारपर्यंत काही मी येत नाही. धार येतीय ना? मग ती काचेच्या पेल्यात धरा आणि पाच मिनिटं ठेवून द्या. मग मला सांगा.” आणि फोन ठेवला.

सौ.ने घरातून काचेचा पेला आणला. त्यात फिल्टरची धार धरली. मी तेवढ्या वेळात पाने गोळा करत होतो. “अहो, इकडं बघा,” ती म्हणाली. पेल्यात दोन थर झाले होते. वर बोटभर डिझेल, खाली तीन बोटे पाणी. पाणी डिझेलपेक्षा जड, ते बुडाशी जाते, आणि फीड पंपही टाकीच्या बुडाकडूनच ओढतो. तासभर मी ज्या सलग धारेवर खूश होतो ती पाण्याची धार होती. हाताला डिझेलच लागलेले, नाकात डिझेलचाच वास, ओळखू कसे येणार?

पाणी आले कुठून? मी टाकीच्या तोंडाकडे पाहिले आणि जागच्या जागी बसलो.

टाकीचे झाकण आषाढात उसाच्या वाहतुकीच्या रस्त्यावर कुठेतरी पडले होते. ते माझ्याच हातून पडले होते. मी त्या जागी जुन्या धोतराच्या चिंधीचा बोळा करून खोचला आणि ‘उद्या निफाडला गेलो की आणू’ म्हणालो. धाकट्याने दोनदा आठवण केली होती. झाकण काही सोन्याचे नव्हते. एका वेळच्या चहा-भज्यांच्या पैशात आले असते. शेडमध्ये द्राक्षाचे क्रेट रचलेले म्हणून ट्रॅक्टर उघड्यावर, लिंबाखाली उभा. रात्रभर बोळा पाणी पीत होता आणि टाकीत सोडत होता. सकाळी पाइपात आणि फिल्टरात आदल्या दिवसाचे डिझेल होते, त्यावर तो दोन-तीन मिनिटे चालला, इतकेच.

टाकीच्या बुडाचा नट काढला तेव्हा तांब्याभर पाणी निघाले, आणि त्यामागून शेवाळासारखा काळा बुळबुळीत गाळ. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे हा जिवाणू-बुरशीचा गाळ वाढतो. म्हणजे पाणी त्या एकाच रात्रीचे नव्हते, पावसाळाभर साठत आलेले होते. टाकी साफ केली. कापडी फिल्टर स्वच्छ डिझेलमध्ये धुतला. कागदी फिल्टर भिजला की धुऊन भागत नाही, नशिबाने एक नवा पेटीत होता. पुन्हा पहिल्यापासून हवा काढली. दीड वाजता ट्रॅक्टरने पकडले, तेही तीनच सिलिंडरवर, पांढऱ्या धुराचे लोट सोडत. एक नोझल अडकला होता. तसाच बागेत घातला.

धाकटा खालच्या अंगाला, ओढ्याकडच्या ओळीत होता. पाठ औषधाने भिजलेली, पाय चिखलाने जड झालेले. त्याने एकट्याने अठरा ओळी ओढल्या होत्या. मी ट्रॅक्टर उभा करून म्हणालो, “झाकणामुळं झालं.” तो म्हणाला, “आता बस नको, अजून उजेड हाये.” त्यापलीकडे आमचे त्या विषयावर बोलणे झाले नाही. मी चुकलो हे शब्द मी तोंडाने उच्चारले नाहीत, ते आजतागायत.

आठ दिवसांत डाग दिसले. वरचा प्लॉट निभावला. ओढ्याकडचा प्लॉट सखल, हवा कोंडणारा, तिथे घड गळून मांडवाखाली सडा पडला. त्याच प्लॉटात त्या अठरा ओळी मात्र उभ्या राहिल्या. मार्चमध्ये व्यापारी माल बघायला आला तेव्हा त्याने विचारले, “या मधल्या ओळींना वेगळं काय दिलं होतं?” मी धाकट्याकडे बोट दाखवले. पंप आणि नोझलच्या दुरुस्तीचा खर्च वेगळाच. पाण्याने पंपाच्या आतले प्लंजर गंजले होते आणि मिस्त्रीने ते माझ्या हातावर ठेवून दाखवले.

तेव्हापासून आमच्याकडे काही सवयी पडल्या. ट्रॅक्टर घरी आला की संध्याकाळीच टाकी भरायची. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आतल्या आत दव धरते, भरलेल्या टाकीत त्याला जागा राहत नाही. कॅनमधले डिझेल लगेच ओतायचे नाही, दिवसभर निवू द्यायचे आणि तळचे चार बोटे सोडून द्यायचे. फिल्टरच्या वाटीचा खालचा स्क्रू आठवड्यातून एकदा सैल करून काचेच्या पेल्यात धरायचा. तो पेला अजून शेडच्या खिळ्याशी फळीवर असतो.

थंडीतला त्रास निराळा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती उतरतो ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा बॅटरी मंद होते, ऑइल घट्ट होते, इंजिन हळू फिरते आणि हवा पुरती तापत नाही. हीटर असेल तर त्याला पूर्ण वेळ द्यावा, बॅटरीची टोके घासून घट्ट करावीत, क्लच दाबून सेल्फ मारावा. काही लोक एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरतात. माझ्या डोळ्यांदेखत एकाच्या भुवया गेल्या आहेत. आणि हो, सगळे सोडून आधी बंद करायची दांडी आत ढकललेली आहे का ते पाहावे. एका पाहुण्याने ती ओढलेलीच ठेवून आमच्याकडून अर्धा मैल धक्का मारून घेतला होता.

हे सगळे जुन्या पद्धतीच्या पंपाला लागू आहे. अलीकडच्या कॉमन रेलच्या पिकअप आणि ट्रॅक्टरांचे नोझलचे नट घरी सैल करू नका. तिथला दाब जुन्या पंपापेक्षा कितीतरी पट असतो. त्यांच्या फिल्टरातले पाणी मात्र काढता येते, आणि पाण्याचा दिवा लागला तर गाडी पुढे रेटू नये.

पुढे आमची वाटणी झाली. भांडून नाही, पोरे मोठी झाली म्हणून. वरचा प्लॉट माझ्याकडे आला, ओढ्याकडचा आणि ट्रॅक्टर त्याच्याकडे गेला. ट्रॅक्टर द्यायच्या दिवशी मी निफाडहून नवी दोन झाकणे आणून त्याच्या हातात ठेवली. त्याने एक टाकीला लावले, त्याला भोक पाडून साखळी अडकवली आणि साखळीचे दुसरे टोक बॉनेटला बांधले. दुसरे झाकण पेटीत टाकले आणि म्हणाला, “दादा, उद्या सकाळी तुझी वखरणी आधी उरकू.”