अडतीस रुपये, तेरा आणे, दोन पै

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून आहे आणि तिचे संग्रहालयही प्रेक्षणीय आहे. नोटा येथे जन्मतात, नाणी येथे अभ्यासली जातात. परंतु सामान्य माणसाने आपली पुंजी ज्या वास्तूत विश्वासाने ठेवली, त्या बँकेची जुनी वास्तू संग्रहालय म्हणून जपलेली पाहण्यासाठी मला थेट उडुपीला जावे लागले.

मूडबिद्री-कारकळच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या वाचकांना उडुपी फार दूर नाही. कारकळहून अंतर सुमारे ४० किलोमीटर. बहुतेक यात्रेकरू श्रीकृष्ण मठ पाहून, जेवून पुढे निघतात. त्यांनी एक तास हाताशी ठेवावा आणि खानबहादूर हाजी अब्दुल्ला हाजी कासीम साहेब यांचे घर पाहावे. १२ मार्च १९०६ रोजी त्यांनी उडुपीत जी बँक सुरू केली, ती पुढे कॉर्पोरेशन बँक म्हणून देशभर ओळखली गेली. आरंभीचे भांडवल पाच हजार रुपये. पहिल्या दिवसाअखेर जमा रक्कम ३८ रुपये, १३ आणे, २ पै!

या आकड्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. रुपयाला १९२ पै असत. त्यांतल्या दोन पैसुद्धा कोणी सोडून दिल्या नाहीत. ज्याने संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत घर गाठलेले नाही, त्याला या दोन पैंचे मोल निराळे सांगावे लागत नाही. बँकेचे ब्रीद होते ‘सर्वे जनाः सुखिनो भवन्तु’. एका मुस्लिम व्यापाऱ्याने स्थापलेल्या बँकेचे हे संस्कृत ब्रीद मला फार भावले.

घरात प्राचीन काळापासून आजपर्यंतची नाणी मांडलेली आहेत. अंजनेरी पाहिलेल्याला तो विभाग ओळखीचा वाटेल. माझे मन रमले ते वास्तूत. याच उडुपीत १९२५ साली सिंडिकेट बँकेचा उगम झाला. तिची १९२८ ची ‘पिग्मी’ ठेव आज आपल्याकडच्या पानटपरीवाल्याच्याही तोंडी आहे. १ एप्रिल २०२० रोजी कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. पाट्या उतरल्या, हाजीसाहेबांचे घर मात्र आपली गोष्ट सांगत उभे आहे.

आपल्याकडे काय उरले? सांगली बँक १९१६ ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ ची. दोन्ही विलीन झाल्या, एक २००७ मध्ये, दुसरी २००६ मध्ये. विलीनीकरणाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. माझी चिंता दप्तरांची आहे. १९८५ च्या नियमांनुसार बँकांना काही कागदपत्रे किमान पाच वर्षे, तर काही आठ वर्षे जपावी लागतात. मुदत सरली की खतावण्यांचा लगदा व्हायला हरकत नसते. नियम गैर नाही, जागा शेवटी किती पुरणार? पण सारेच गेले तर गावाच्या व्यापाराचा हिशेब कोठे शोधायचा?

अंजनेरीच्या जैन मंदिरातील शके १०६३ च्या शिलालेखात यादव राजाच्या एका वाणी मंत्र्याने काही दुकानांचे उत्पन्न मंदिराला दिल्याची नोंद आहे. दुकानांची ती नोंद शतकानुशतके टिकली, कारण ती दगडावर होती. आपल्या खतावण्या कागदाच्या आहेत.

नाशिक जिल्ह्यातील जुन्या सहकारी बँकांनी आणि पेढ्यांनी मनावर घेतले, तर एक खोलीही पुरेल. दर दशकातील एक खतावणी, पितळी टोकन, जुनी चलने, पहिल्या संचालक मंडळाचे छायाचित्र. खातेदारांची नावे मात्र झाकावीत. गोपनीयता काचेच्या कपाटातही पाळायची असते. आणि गावातील एखादी जुनी शाखा नव्या जागेत जाते आहे असे कानावर आले, तर प्रथम तिच्या तिजोरीच्या दाराची चौकशी करावी. ते दार बहुधा भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जाते.