उत्तर कोणाचें?

परीक्षेचा विषय निघाला कीं आपल्याकडील शिकल्यासवरल्या घरांतील वडील मंडळी कॉपी या पापाच्या गोष्टी काढतात. शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेंत डोकावणें, बाहींत चिठ्ठी लपविणें, गाइडांतील पानें घोकून तींच कागदावर उतरविणें, हे त्याचे जुने प्रकार. आतां एक नवा प्रकार निघाला आहे, आणि तो जुन्या कोणत्याहि सदरांत बसत नाहीं. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी लोकांस खुलें झालें. तेव्हांपासून कोणत्याहि विषयावर, मागाल तितक्या शब्दांचें, व्याकरणशुद्ध लिखाण क्षणांत करून देणारें यंत्र विद्यार्थ्यांच्या खिशांत येऊन बसलें आहे. त्याविषयीं विद्यापीठांनीं काय नियम करावे याचा खल जगभर चालू आहे. गिरगांवांत, दादरांत, परळांत, लालबागेंत ज्यांचीं मुलें महाविद्यालयांत जातात त्यांचा तर हा घरचाच प्रश्न आहे, म्हणून त्यावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम हातीं असलेला नियम पाहूं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठीं विनियम केले. प्रबंधांत दुसऱ्याच्या लिखाणाशीं शेंकडा १० पर्यंत साम्य आढळल्यास शिक्षा नाहीं. १० ते ४० असल्यास सहा महिन्यांच्या आंत तो सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० असल्यास वर्षभर पुन्हां सादर करतां येत नाहीं. ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. योगायोगानें जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे मोजूं नयेत, इतका बारकावा त्यांत आहे. परंतु चोरी सिद्ध करावयाची म्हणजे मालाचा धनी सांपडावा लागतो, आणि हा सारा नियम त्या धन्याच्या शोधावर उभा आहे. यंत्राच्या लिखाणास असा धनी बहुधा नसतोच. एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें अगणित मजकुरावरून शिकून तें दर वेळीं नवीं वाक्यें जुळवितें. साम्याच्या चाळणींतून तीं सहज निसटतात. चोरी झाली म्हणावें, तर कोणाच्या घरची हें सांगतां येत नाहीं, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे.

या पेंचांतून सुटण्यासाठीं विद्यापीठांनीं दोन वाटा धरल्या. पहिली बंदीची. पॅरिस येथील सियांस पो या विख्यात संस्थेनें २०२३ च्या जानेवारींतच ती जाहीर केली. बंदी पाळली जाते कीं नाहीं हें कळावें म्हणून दुसरी वाट निघाली. ती अशी कीं, यंत्रानें लिहिलेलें ओळखणारें दुसरें यंत्र आणावयाचें. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय या कंपनीनेंच असें एक शोधक यंत्र त्याच महिन्यांत काढलें. कंपनीच्याच चांचणींत यंत्रलिखित मजकुरापैकीं शेंकडा २६ च त्याला ओळखतां आला, आणि माणसांनीं लिहिलेल्यापैकीं शेंकडा ९ त्यानें यंत्राच्या नांवावर लोटला. सहा महिन्यांनीं तें मागें घेण्यांत आलें. त्याच वर्षीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं अशीं सात शोधक यंत्रें तपासलीं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाहीं अशांनीं स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकीं सरासरीनें निम्म्याहून अधिक या यंत्रांनीं यंत्रलिखित ठरविले. कारण उघड आहे. पुढचा शब्द सहज तर्कितां येण्याजोगा असला कीं शोधकास संशय येतो. आणि परकी भाषा कष्टानें शिकलेला माणूस परिचित शब्द आणि घोटलेलीं वाक्यें यांवरच भिस्त ठेवतो.

हा केवळ कागदावरचा धोका नाहीं. आमच्या ओळखीची, लालबागच्या एका चाळींत राहणारी मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेंत शिकलेली. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षीं तिनें लालबागच्या मसाला बाजारावर प्रकल्प केला. उन्हाळा लागला कीं मुंबईच्या कानाकोपऱ्यांतून बायका तेथें मिरची घेण्यास येतात. रंगासाठीं ब्याडगी, तिखटपणासाठीं संकेश्वरी वा लवंगी. धणे आणि खडा मसाला निवडून घ्यावयाचा, तो भाजून घ्यावयाचा, डंखावर कुटून घ्यावयाचा, आणि वर्षाची बेगमी बरण्यांत भरावयाची. यांत भाजणावळ किती, कुटणावळ किती, तयार पाकिटांमुळें गिऱ्हाईक कितपत तुटलें, हें तिनें दुकानोदुकानीं विचारून वहींत टिपलें. मग आपल्या साध्या, शाळकरी इंग्रजींत उतरविलें. महाविद्यालयानें तें शोधक यंत्रांत घातलें, आणि निम्म्याहून अधिक मजकूर यंत्राचा असा शेरा आला. "काका, वही दाखवली तरी मॅडम म्हणतात, रिपोर्टांत तसं आलंय," हें सांगतांना तिचा गळा दाटून आला. त्याच वर्गांतील एकानें सबंध प्रकल्प यंत्राकडून लिहवून, शब्द फिरवून देणाऱ्या दुसऱ्या यंत्रांतून गाळून घेतला होता. त्याला कोणी हटकलें नाहीं.

शेवटीं एका वयोवृद्ध प्राध्यापकांनीं तिला समोर बसविलें. ब्याडगी महाग कां? भाजणाऱ्याची मजुरी वजनावर कीं दिवसावर? मे महिन्यांत अवचित पाऊस आला तर कोणाचें नुकसान? ती मराठींत भडाभडा बोलत सुटली. दहा मिनिटांत निकाल लागला. जें काम शोधकास जमलें नाहीं तें चार प्रश्नांनीं झालें.

आतां असें विचारण्याची वेळ इतकी क्वचित् कां येते? त्याचें मूळ, आमच्या मतें, जुनें आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवावें महाविद्यालयांनीं, विद्यापीठानें परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी. १८६२ सालीं पहिले पदवीधर बाहेर पडले ते अवघे चार. त्यांत रानडे व भांडारकर होते. चौघांतील कोणाचें उत्तर कोणाचें हें ओळखण्यास यंत्र खास लागलें नसतें. पुढें संख्या वाढली आणि परीक्षक व विद्यार्थी यांच्या मध्यें फक्त कागद उरला. व्यवस्थापन व वाणिज्य शाखांतील मुलें शेवटच्या वर्षीं जें काळ्या पुठ्ठ्याचें बांधीव पुस्तक देतात, त्याला तीं ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. हें काम माझें स्वतःचें आहे, अशी प्रतिज्ञा त्याच्या पहिल्या पानांत असते. मागल्या वर्षाच्या पुस्तकावरील नांव बदलून नवें करून घेण्याची सोय चॅटजीपीटीच्या कितीतरी आधींपासून होती, हें कोणास ठाऊक नाहीं? यंत्रानें ही सोय स्वस्त केली इतकेंच.

यंत्रावर भार टाकून निश्चिंत होण्याची हौस विद्यार्थ्यांनाच असते असें नाहीं. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धति घाईनें आणली. उत्तरपत्रिका १७ लाखांच्या घरांत. निकाल महिनोन्महिने रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील शिक्षणाचे बेत अडले, आणि ऑक्टोबरांत कुलपतींनीं कुलगुरूंस पदावरून दूर केलें. तयारीवांचून यंत्र आणल्यास भोगणारा कोण असतो, हें त्या वर्षीं घरोघर कळलें.

मग नियम कसा असावा? सरसकट बंदी आम्हांस मान्य नाहीं. ज्याच्या घरीं इंग्रजीचा अवघड उतारा समजावून देणारें कोणी नाहीं, शिकवणी लावण्याची ऐपत नाहीं, त्या परळच्या मुलास हें यंत्र रात्रीं अकरा वाजतां न कंटाळतां समजावून देतें. पैसेवाल्याच्या मुलास असा शिक्षक पूर्वींपासून होता. समजून घेण्यासाठीं यंत्र घ्यावें आणि घेतलें तें उघड सांगावें. उत्तर मात्र स्वतः द्यावें. कोणत्या कामांत काय चालेल हें सत्राच्या आरंभींच लेखी कळवावें. हरयाणांतील एका खासगी विद्यापीठानें विधिशाखेच्या एका विद्यार्थ्यास उत्तरांतील ८८ टक्के मजकूर यंत्राचा म्हणून नापास केलें, तेव्हां असा वापर निषिद्ध ठरविणारा नियम कोठें आहे, हाच प्रश्न घेऊन तो २०२४ सालीं उच्च न्यायालयांत गेला. पुढें विद्यापीठानें त्याला उत्तीर्ण केलें आणि अर्ज निकालांत निघाला. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: केवळ शोधकाच्या आंकड्यावर कोणासहि दोषी धरूं नये. संशय आला तर मुलास समोर बसवावें, आणि तें ज्या भाषेंत मोकळेपणीं बोलतें त्या भाषेंत बोलूं द्यावें.

यावर कोणी म्हणेल, इतका वेळ आहे कोणास? आक्षेप खरा आहे. एका तुकडींत १२० विद्यार्थी असले आणि दरेकास दहा मिनिटें दिलीं, तर १,२०० मिनिटें, म्हणजे वीस तास होतात. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकास शिकविलेल्या तासांचा मोबदला मिळतो. हे वीस तास त्याच्या हिशेबांत कोण धरणार? तेव्हां धोरण म्हणून कितीहि सुंदर मसुदा छापला, तरी या वीस तासांची तरतूद त्यांत नसेल तर तो कोराच समजावा. शोधकाची वर्गणी भरणें सोपें आहे, माणूस नेमणें महाग आहे; परंतु त्या स्वस्ताईची किंमत लालबागच्या मुलीनें कां भरावी?

प्रवेशाच्या वेळीं आपण पालक शुल्क विचारतों, निकालाची टक्केवारी विचारतों, नोकरीची हमी विचारतों. यापुढें आणखी एक गोष्ट विचारीत जावी, अशी आमची विनंती आहे: आमच्या मुलावर संशय आला, तर त्याचें म्हणणें दहा मिनिटें ऐकून घेणारा माणूस तुमच्याकडे आहे काय?