नावाखालची एक ओळ

गेल्या गणपतीत मी एक छोटं डिजिटल पुस्तक केलं. काशीतल्या आमच्या दूधविनायकच्या जुन्या गोष्टी, आजीने सांगितलेल्या. बारा पानं, आठ चित्रं. पहिल्या पानावर 'लेखन आणि चित्रं' आणि खाली माझं नाव. पीडीएफ सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली.

दोन दिवसांनी शेजारच्या काकू आल्या. "पंचगंगा घाटाचं चित्र काय सुरेख काढलंयस गं! यांचं एक काढून देशील? एकच फोटो आहे, तोही पुसट झालाय."

काका जाऊन चार वर्षं झाली. मला काय बोलावं सुचेना. तुम्हाला खरं सांगते, मला साधा आंबाही धड काढता येत नाही. शब्द माझे होते, पण चित्रं मी एआयला वर्णन लिहून देऊन करवून घेतली होती.

शेवटी मी सांगून टाकलं. काकू जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण त्याने यांना कुठे पाहिलंय? आणि मी ते यांचं म्हणून भिंतीवर लावलं असतं."

आजी आतून म्हणाली, "तरीच! सातव्या पानावरची बाई नऊवारीत आहे म्हणतेस, आणि तिला काष्टाच नाही. पोरीने मेहनतीने काढलंय म्हणून मी बोलले नाही."

मला हे जास्त लागलं. मी लपवलं म्हणून माझी चूक दाखवायलाही आजीला संकोच वाटला होता.

एकनाथ महाराजांनी १५७३ साली भागवत पूर्ण केलं ते याच काशीत. पुढे शके १५०६, म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तेव्हा ग्रंथ ज्ञानेश्वरांचा, आपण फक्त पाठ शुद्ध केले, हे त्यांनी सालासकट शेवटी लिहून ठेवलं. यात कुणी आपल्या ओव्या घालू नयेत, असंही बजावलं.

आज ॲमेझॉनवर स्वतःचं पुस्तक काढणाऱ्यांनाही एआयने तयार केलेला मजकूर किंवा चित्रं असतील तर कंपनीला कळवावं लागतं. शुद्धलेखनासाठी एआयची मदत घेतली असेल, तर गरज नाही. पण कंपनीला कळवलं म्हणजे वाचकाला कळलं असं नाही. ती ओळ आपणच लिहायची.

पुस्तकाच्या नव्या प्रतीत मी लिहिलं : 'गोष्टी आजीच्या. लेखन माझं. चित्रं एआयकडून करून घेतलेली, आजीने तपासलेली.' तपासताना आजीने आणखी तीन चुका काढल्या. तुम्हीही असं काही करत असाल, तर ही ओळ पहिल्याच दिवशी लिहा.

काकूंचा फोटो मी फक्त स्कॅन करून मोठा छापून आणला. पुसटच आहे, पण काका तेच आहेत.