माईक नसताना

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कॉयर होतं आणि तिथल्या मॅडमनी आम्हाला कारुसो कोण ते सांगितलं होतं. एन्रिको कारुसो, इटलीचा प्रसिद्ध ऑपेरा गायक. तो 2 ऑगस्ट 1921 ला वारला. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, 4 ऑक्टोबरला, आपल्या संगीत नाटकातला एक तेवढाच जबरदस्त आवाज बंद झाला. वय फक्त 31. केशवराव भोसले! हे नाव मात्र मला बीड जिल्ह्यातल्या या हॉस्टेलवर आल्यावर कळलं, तेही रूममेट रडत होती म्हणून.

ती कोल्हापूरची. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ती मोबाईलवर आगीचा व्हिडिओ बघत होती. शाहू महाराजांनी 1915 साली उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, जळत होतं. "उद्या त्यांची जयंती हाय की गं," एवढंच ती म्हणाली. 9 ऑगस्ट 1890 चा त्यांचा जन्म.

मग मी वाचत गेले. वडील लहानपणीच वारले. आई जनाबाईंनी पोटासाठी मुलाला स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत घातलं. धड शाळेत जायच्या वयात पोरगं कमावतं झालं. मित्रांनो, आपल्याला हे काही नवीन नाही. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बिऱ्हाडं निघतात, त्यातली कितीतरी कोल्हापूर-सांगलीकडेच जातात, आणि लहान मुलं बैलगाडीत बसून सोबत असतात. म्हणून 'बालकलाकार' हा गोड शब्द मला इथे वापरवत नाही.

पण हा मुलगा गायला. 'शारदा' नाटकात त्याने शारदेचीच भूमिका केली आणि नाव झालं. त्या काळी बायकांची कामं पुरुषच करत. पुढे 1908 मध्ये हुबळीला त्याने स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली, वय सतरा. (सतराव्या वर्षी आपण सीईटीचे क्लास बदलत होतो.)

आता जरा आपल्या ब्रँचचं. भरलेलं थिएटर, खाली ऑर्गन, सारंगी, तबला, आणि माईक नाही. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जाणार कसा? ऑपेरा गायकांवर यासाठी संशोधन झालेलं आहे. ऑर्केस्ट्राची सगळ्यात जास्त ताकद 500 हर्ट्झच्या आसपास असते. तयार पुरुषी आवाज 3000 हर्ट्झच्या जवळ आपली शक्ती गोळा करतो, तिथे वाद्यं कमजोर असतात आणि माणसाचा कान सर्वांत तल्लख. म्हणजे नुसतं ओरडून भागत नाही, वाद्यांच्या फटीतून आवाज काढावा लागतो! केशवरावांकडे ना ग्राफ होता ना लॅब, रियाज होता. आपल्या गॅदरिंगला चार बाय चारचे बॉक्स लावूनही मागच्यांना शब्द कळत नाहीत, ते असो.

8 जुलै 1921 ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मालक, लोकांच्या दृष्टीने एकमेकांचे स्पर्धक, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. कोण सरस ठरलं यावर लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातला. मला त्यात पडायचं नाही. मला तारीख छळते. त्या प्रयोगानंतर केशवरावांना तीन महिनेही मिळाले नाहीत. विषमज्वर. आज अँटिबायोटिकने उतरतो तो ताप.

कंपनी मात्र बंद पडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती उचलली, त्यांच्यानंतर मुलगा भालचंद्र यांनी, आणि 2008 मध्ये 'ललितकलादर्श'ला शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा ते भालचंद्र पेंढारकर हयात होते. त्यांचा जन्मही 1921 चाच.