ओढ्यापलीकडच्या पेट्या

चि. सोन्यास,


त्या ओढ्यात उतरू नकोस. ख्यालीखुशाली नंतर, आधी हे.

दादाने फोनवर एवढंच सांगितलं की साकव वाहून गेला, मधाच्या पेट्या पलीकडच्या बांधावर राहिल्या आणि तू कमरेला दोर बांधून पलीकडे जायचं म्हणतोयस. मग रेंज गेली, ती अजून आलेली नाही. घाटातून एसटी सुरू झाली की हे पत्र कंडक्टरच्या हाती देईन. तोवर वहिनी तुला घरात अडवून ठेवील, या भरवशावर बसलेय.

आपल्याकडचा ओढा तुझ्या डोक्यावरच्या ढगाकडे बघून चढत नाही. वर माथ्यावर कोसळत असतं आणि खाली तुमच्याकडे छान उघडीप पडलेली असते. पाणी गुडघ्याएवढं दिसतं, माणूस पाय घालतो आणि मधोमध पोचतो न पोचतो तोच वरचा लोंढा येतो. २०२१ चा जुलै तुला आठवत असेल. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आंबेनळी घाट जागोजाग खचला आणि तिकडे महाड तालुक्यात तळियेवर डोंगर उतरला. तेव्हा आमच्या वरच्या शिवारातल्या पेट्यांकडे कितीतरी दिवस कुणाला जाताच आलं नाही, कारण जायला वाटच उरली नव्हती. पाणी ओसरल्यावर पोचलो तर बहुतेक पेट्या नांदत होत्या. ज्या गेल्या त्या बांध खचला म्हणून गेल्या. आपण पोचलो नाही म्हणून एकही गेली नाही. हे तुला नीट कळावं म्हणूनच एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

सातेरी माशीला हा पाऊस नवा नाही रे. पेट्या, योजना, प्रशिक्षण, तू, मी, हे सगळं तिच्या हिशेबात काल-परवाचं आहे. ती या डोंगरात झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत, जुन्या वारुळात राहत आली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढोलीतल्या माश्यांची चौकशी करायला कोण जातं? कुणीच नाही. ढोलीची भिंत वीतभर जाड असते, तोंड दोन बोटांचं असतं आणि आत तिचा स्वतःचा मध असतो. झड लागली की त्या बाहेर पडत नाहीत. पिल्लांच्या पोळ्यांवर दाटीने बसतात, पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात आणि त्यातून ऊब तयार करतात. बाहेर सतरा-अठरा अंश असले तरी पिल्लांजवळ ३४-३५ अंश राखतात. ही ऊब मधावर चालते. कोठीत मध आहे तोवर बाहेर पाऊस किती दिवस लागलाय याची त्यांना फारशी फिकीर नसते.

आपण तिला ढोलीतून पेटीत आणलं तेव्हा वीतभर भिंतीच्या जागी बोटभर फळी दिली. फळीला सांधे आले, सांध्यांना फटी आल्या. मेलिफेरा माशी झाडाची राळ आणून फटी लिंपते, आपली सातेरी तसं करत नाही. फट राहिली की राहिलीच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उन्हाळ्यात आपण तिचा मध काढून घेतला. पावसाळ्यात मधपाळ जे काही देणं लागतो ते एवढंच आहे, जाड भिंत आणि पोटापुरता मध परत करणं. ते पाऊस लागायच्या आधी फेडलेलं असेल तर भर पावसात पेटीला आपली गरज नसते. फेडलेलं नसेल तर पुरातून पोहत जाऊन, गारठ्यात झाकण उघडून, होती नव्हती ती ऊबही आपण घालवतो.

तुझ्या पेट्या मी मेअखेर स्वतःच्या हातांनी उचलून पाहिल्यात. प्रत्येकीच्या खालच्या कोठीत, पिल्लांच्या वरच्या अंगाला, मधाचा रुंद पट्टा होता. तू हट्टाने तो काढला नाहीस, शेजारचे हसले तरी काढला नाहीस. त्या दिवशी मला तुझं फार कौतुक वाटलं होतं. बोलले नव्हते, आता लिहिते. सातेरीची पेटी वर्षाला पाच ते दहा किलो मध देते, त्यामुळे शेवटचा किलो सोडणं जड जातं. जांभूळ ओसरतं, गेळा-हिरडा फुलून जातात, वळवाचे ढग दिसायला लागतात आणि माणसाला वाटतं, जाता जाता एक हात मारून घेऊ. ज्या पेट्या ऑगस्टमध्ये मरतात त्यांतल्या पुष्कळशा मेमध्येच मारलेल्या असतात. माझा नियम सोपा आहे. पहिला वळीव झाला की मधयंत्र धुवून, पुसून माळ्यावर. आणि खालच्या कोठीतली चौकट मधयंत्रात कधीच घालायची नाही, मोसम कितीही चांगला असो.

साखरेचा पाक आहे की, असं तू म्हणशील. पाक अडीनडीला आहे. पाऊस लागायच्या आधी दोन भाग साखर, एक भाग पाणी असा घट्ट पाक दिला तर माश्या तो आटवून साठवतात. भर पावसात पातळ पाक दिला तर आधीच कोंदट झालेल्या पेटीत आणखी ओल जाते. आटला नाही तर आंबतो. त्याच्या वासाने शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि मुंग्या तर येतातच. द्यायचीच वेळ आली तर संध्याकाळी, आतल्या आत आणि सकाळपर्यंत चाटून संपेल एवढाच द्यायचा. मधाची बरोबरी साखरेला नाही, आणि परागाची तर नाहीच नाही. पराग नसला की पिल्लांना भरवायला काही उरत नाही, पाक कितीही ओता.

आमच्याकडचे काही मधपाळ पावसाळ्यापुरत्या पेट्या पूर्वेला नेतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आणि वाईला हजारही पुरा होत नाही. एका घाटाचं अंतर, पण माशीला तिथे रोज थोडंफार उडता येतं. ज्याला गाडीभाडं परवडतं त्याने जरूर न्यावं. तुझ्या चार पेट्यांसाठी तो खर्च करू नको.

भिंतीचं मात्र विसरू नकोस. आमच्याकडे मे संपता संपता घरांना गवताच्या झड्या बांधतात ना, तसंच पेटीचं. पश्चिमेच्या अंगाला गवताची जाड झडी, वर उतरतं छप्पर, पेटीचं तोंड पूर्वेला आणि पेटी पुढच्या बाजूला किंचित कललेली, म्हणजे आत गेलेलं पाणी दारातूनच बाहेर पडतं. पुष्कळ जण सगळी पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकतात. त्यांची काळजी खरी असते, पण माश्यांच्या श्वासाची वाफ बाहेर जायला जागा उरत नाही. ती झाकणाच्या आतून थेंब थेंब गळते, कडेच्या पोळ्यांना पांढरी बुरशी चढते. कागद छपरावर घाल, अंगाला नको.

आता मुंगळ्यांचं, कारण उघडीप पडल्यावर तुला सगळ्यात आधी हेच दिसणार आहे. पेटी जिच्यावर ठेवतो त्या घोडीच्या पायांखाली आपण पाण्याच्या वाट्या ठेवतो. उन्हाळ्यात त्या छान काम देतात. पावसात वाटी भरून वाहते, तिच्यात वरून पानं पडतात, एखादं पान पायाला टेकून वाटीच्या काठावर विसावतं, की झाला पूल. मुंगळ्यांनाही कोरडी जागा हवीच असते. त्यांची बिळं पाण्याखाली गेलेली, अंडी तोंडात धरून ते वर चढतात आणि पेटीच्या झाकणाखालची उबदार फट त्यांना सापडते. तिथे घर केलं की माश्या रोज थोड्या थोड्या वैतागतात आणि एक दिवस पेटी सोडून उठतात. म्हणून पायांना वीतभर उंचीवर ग्रीसचा पट्टा हवा आणि भोवतालचं गवत कमरेएवढं वाढायच्या आत कापलेलं हवं. पेटीला टेकलेली गवताची एक काडीही त्यांना पुरते.

पाणी उतरलं, माणसं सोबत आली, मोठा साकव नाही तर निदान दोन लाकडं पडली, मग जा. पायाला जळवांसाठी मीठ-तंबाखू चोळून घे. धुराडं ने, पण पेटवायची घाई करू नकोस, कारण पहिल्या दिवशी झाकण उघडायचंच नाही. पेटी बाहेरून बोलते. मागच्या बाजूने एका हाताने बोटभर उचलून बघ. मेमध्ये उचलली होतीस, ते वजन हाताला आठवेल. कान लावून टिचकी मार. चटकन एक हुंकार उठून लगेच विरला तर घरात सगळं ठीक आहे. आवाज लांबत गेला, रडल्यासारखा रेंगाळला, तर राणीविषयी शंका घ्यायची. मग दारासमोर उकिडवा बस. एखादी माशी पायांवर पिवळा-पांढरा पराग घेऊन आत शिरली, अगदी दोन-चार जरी शिरल्या, तरी समज की आत अळ्या आहेत आणि त्यांना भरवणं चालू आहे. तळपाटावर काळ्या दाण्यांसारखी विष्ठा आणि मेणाचा भुसा दिसला तर मेणपतंगाच्या अळ्या शिरल्यात, ती पेटी पुढच्या कोरड्या दुपारी आधी उघडायची. ज्या पोळ्यांवर माश्या बसलेल्या नाहीत ती काढून टाकायची. मेणपतंग माश्या नसलेल्या पोळ्यातच घर करतो.

एक गोष्ट मात्र वेळेवर ध्यानात घे. सातेरी भर पावसात पळत नाही, ती उघडिपीत पळते. अन्न संपत आलं की राणी अंडी घालणं थांबवते, पराग येणं बंद होतं आणि शेवटची पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्या वाट बघतात. अंड्यापासून माशी व्हायला साधारण वीस दिवस लागतात. मग ऊन पडलं की सगळ्या एकदम उठतात. म्हणून वजनाला हलकी आणि पराग न आणणारी पेटी दिसली तर ती त्यानंतरच्या पहिल्याच बऱ्या दुपारी उघड, पटकन. अंडी आहेत का तेवढं बघ, पाक ठेव, बंद कर. ज्या पेटीत अंडी-अळ्या आहेत ती तुला सोडून जायच्या बेतात नाही. माश्या पिल्लं टाकून सहसा जात नाहीत.

अळ्या पिशवीसारख्या फुगून मेलेल्या दिसल्या तर त्या पेटीतली एकही चौकट दुसऱ्या पेटीत घालू नकोस, हात आणि सुरी धुतल्याशिवाय शेजारच्या पेटीला हात लावू नकोस. हाच थाई सॅकब्रूड रोग. १९९०च्या दशकात याने दक्षिणेकडच्या सातेरीचा संहार केला होता. अशी पेटी दिसली की मला लगेच कळव.

हे पत्र एका मासिकालाही देणार आहे. २०२२ मध्ये आमच्या तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, तेव्हापासून पुष्कळ तरुण मुलं पेट्यांकडे वळली आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. पण या मुलांना मोसम शिकवायला माणसं भेटतात, पावसाळ्यात त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं. डोंगरात पेट्या आणि माणूस यांच्यामध्ये एखादा ओढा असतोच. तुझ्यासारखंच कुणीतरी आज त्याच्या काठावर उभं असेल. सातेरी गेली तर पुन्हा पकडता येते. थंडीत रानात हिंडलं की ढोलीत भेटते. तू गेलास तर मी दादाला काय सांगू?

पुढच्या पावसाळ्यात ओढा मध्ये येऊ नये म्हणून पेट्यांची जागा बदलायला हवी हे खरं. पण पाणी उतरलं म्हणून पेट्या उचलून ओढ्याच्या अलीकडे आणून ठेवू नकोस. दोनशे पावलांचं अंतर कामकरी माश्यांच्या ध्यानात राहत नाही. त्या सवयीने जुन्या बांधावर परत जातील आणि घर नाही म्हणून तिथेच मरतील. दसरा झाला की रात्री दारं जाळीने बंद कर, चौकटी हलणार नाहीत अशा आवळून बांध आणि टेंपोने माझ्याकडे घेऊन ये. इकडे कारळा आणि सोनकी फुललेली असेल, त्या चांगल्या सावरतील. महिनाभर राहू देत. जुनी जागा विसरल्या की दिवाळीनंतर खाली ने आणि ओढ्याच्या अलीकडे, गोठ्याच्या मागच्या उंचवट्यावर मांड. तिथली घाणेरी आत्तापासून तोडायला घे. पूर्वेचं ऊन सकाळी आठच्या आत पोचतं का ते बघून ठेव आणि दादाकडून चार नव्या घोड्या करून घे, मागच्यांपेक्षा वीतभर उंच.

तुझी,
आत्या