तीन सेलची बॅटरी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. आजीही जायची. पगार हातात पडला की सगळ्यांची पावलं धान्याच्या दुकानाकडं वळायची. लाल मिलोच्या भाकरीला चव नव्हती, पण पोट भरायचं. एका पगाराला मात्र आजीनं मिलो कमी घेतला आणि नारायणगावच्या बाजारातून तीन सेलची बॅटरी आणली.

बॅटरी म्हणजे टॉर्च. पण टॉर्च हा शब्द मला पुण्यात आल्यावर कळला. चकचकीत अंग, त्यावर धरायला उभ्या खाचा, लाल बटण, आणि बुडाच्या टोपीत स्प्रिंग. गावात होत्या त्या दोन-चार बॅटऱ्या पुरुषांच्या, रात्रीची दारं धरायला जाणाऱ्यांच्या. दुष्काळात कुठलं पाणी नि कुठली दारं! त्यामुळं म्हातारीला बॅटरी कशाला, हा प्रश्न पारावर बरेच दिवस पुरला. (म्हातारी म्हणजे पंचेचाळिशीची बाई. विधवेला म्हातारी व्हायला वेळ लागत नसे.)

आजीला तमाशाला जायचं होतं.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी देतात आणि मग चैत्र-वैशाखात आज या गावात, उद्या त्या गावात ढोलकी वाजत राहते. विठाबाई नारायणगावकरांचा १९५७ साली राष्ट्रपतींकडून सन्मान झाला, त्याचा अभिमान सगळ्या पंचक्रोशीला होता. आपल्या घरच्या बाईनं तमाशा बघणं मात्र त्याच पंचक्रोशीला खपत नव्हतं. बायांनी बघायचाच तर माडीच्या अंधाऱ्या खिडकीतून बघायचा. आजी घोंगडी घेऊन पटांगणात बसायची, पुरुषांच्या एका कडेला, आणि मांडीवर मी. मला का नेत असे कोण जाणे. पोरगी सोबत असली की बोलणारी तोंडं जरा आवरतात, एवढाच हिशेब असेल.

परतताना बॅटरी तिच्या हातात. उजेड पायापुरताच टाकायची, लांब मारायची नाही. सेल जपायचे असायचे. मी एकदा विचारलं, सगळे कंदील घेऊन जातात, त्यांच्या मागं गेलं तर काय होतं? ती म्हणाली, "दुसऱ्याच्या कंदिलामागं गेलं का त्याला झोप आली म्हंजी आपला वग मोडला."

गण, गवळण, बतावणी झाली की बरेच जण पेंगायचे. ती खरी जागी व्हायची ती वगाला. पण तिचं खरं लक्ष ढोलकीकडं. "समदी पायाकडं बघत्यात. तू त्याचा डावा हात बघ." उजव्या हाताची बोटं शाईवर टिपरी फुटल्यासारखी वाजतात, ती कुणालाही ऐकू येतात, डाव्या पंजानं दाबून घुमवलेला आवाज पोटात शिरतो, हे तिनं दाखवलं म्हणून मला कळलं. एकदा ऐन वगात बत्ती गेली. आरडाओरडा, शिट्ट्या. आजीनं बॅटरी लावली आणि झोत टाकला तो नाचणारीवर नाही, ढोलकीवाल्याच्या हातावर. तो हसला आणि अंधारात एकटाच वाजवत राहिला. मंतरल्यासारखं पटांगण गप्प झालं. बत्ती पेटेपर्यंत पाचेक मिनिटं गेली असतील. त्या पाच मिनिटांत आजीनं एका रात्रीचा सेल जाळला, असं वडील नंतर म्हणाले.

गेलेले सेल ती टाकत नसे. आधी ते पत्र्यावर उन्हात पडायचे. त्यात आणखी एक-दोन रात्री निघत, लालसर उजेडाच्या. मग दगडानं फोडायचे. मधली काळी कांडी मला रेघोट्या मारायला. आतली भुकटी ती करवंटीत पाण्यात कालवायची, काडीला कापूस गुंडाळायची आणि नागपंचमीला भिंतीवर गेरूनं काढलेल्या नागांना डोळे भरायची. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची तीही याच काळ्यानं. आज ती भुकटी कुणी पोरांच्या जवळ येऊ देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तसा काळा मी पुढं कुठल्या रंगाच्या डबीत पाहिला नाही. शेजारणी डोळे भरून न्यायला यायच्या. ती नाग काढून द्यायची, पण डोळे ज्याचे त्यानं भरायचे म्हणून त्यांच्याच हातात काडी द्यायची. बऱ्याच जणींचे नाग तिरळे व्हायचे.

वडिलांना मात्र तिच्या या नादाचं कौतुक नव्हतं. ते सहा-सात वर्षांचे असताना तापानं फणफणले होते आणि आई रात्रभर तमाशाला होती, उजाडता आली, हे त्यांनी मनात धरलेलं. मोठं झाल्यावर मी आजीला ते विचारलं. तिनं नाकारलं नाही. "गवळण झाली का उठणार व्हते. जीव लागंना. पन कंदील दुसऱ्यांचा, आन् ते उठंनात. अमावास्या. दोन ओढे." एवढंच. तापलेल्या लेकराला ठेवून जायलाच नको होतं, असं मला आजही वाटतं. पण मधली वीस वर्षं ती बॅटरीसाठी पैसे साठवत होती की काय, हे मी विचारलं नाही. मिलो कमी का घेतला, याचं उत्तर मला त्या दोन ओढ्यांत सापडतं. वगाचं ती सांगायची, ते मला सोसवावं म्हणून असेल.

मी शिकायला पुण्याला निघाले तेव्हा तिनं बॅटरी पुढं केली. मी म्हटलं, तिथं लाईट असते. खरं म्हणजे लाज वाटली. तिनं ती परत खुंटीला अडकवली.

आजी १९९६ साली गेली. तिच्या पुतळ्यांचं, भांड्यांचं काय ते लेकी-सुनांनी ठरवलं. बॅटरी वडिलांनी ठेवून घेतली, कुणी मागितली नव्हतीच. पुढं गावचं घर पाडायचं ठरलं तेव्हा त्यांनी ती मला दिली, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. सेल काढून वेगळ्या पिशवीत ठेवलेले. सेल आत राहिले की फुटतात आणि बॅटरी आतून खाऊन टाकतात. वडिलांनी ते कधी आत राहू दिले नव्हते.

तीन सेल घातले की ती आजही लागते.