आप्पा एसटीने गेले

मागच्या पावसाळ्यात आप्पांना नाशिकला डॉक्टरांकडे जायचं होतं. त्यांच्या मणक्यात गॅप आहे, कंबरेच्या खालच्या भागात. दर तीन महिन्यांनी दाखवावं लागतं. मी मुद्दाम सुट्टी काढून आदल्या रात्री पुण्याहून सटाण्याला आलो होतो. सकाळी सहाला उठून बघतो तर आप्पा टोपी घालून, फाइलची पिशवी हातात घेऊन दारात उभे.

"मी एसटीने जातो भाऊ. तू ये मागून, दवाखान्यात भेटू."

आई स्वयंपाकघरातून काहीच बोलली नाही. म्हणजे दोघांचं रात्रीच ठरलं होतं.

माझी गाडी अंगणात उभी होती. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय. मी ती सेकंड हँड घेतली, पण स्वतःच्या पगारातून घेतलेली ती माझी पहिली मोठी वस्तू. तिच्या सस्पेन्शनवर मी चार महिन्यांपूर्वी नव्वद हजार रुपये घातले होते. आप्पा एसटी स्टँडकडे निघाले होते ते त्या नव्वद हजारांमुळेच. आईने नंतर सांगितलं, मागच्या वेळी माझ्या गाडीतून नाशिकला जाऊन आल्यावर ते दोन दिवस झोपून होते. मला कळवायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकच जोड. शॉकअपच्या नळीवर आटे असतात, त्यावरची रिंग फिरवून गाडी वरखाली करता येते. पोलोमध्ये हे खऱ्या अर्थाने फक्त पुढे असतं. मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, तरी सेटला सगळे कॉइलओव्हरच म्हणतात. शॉकअपच्या टोकाला एक लहान नॉब असतो. तो एकेक क्लिक फिरवला की शॉकअप कडक किंवा मऊ होतो. स्प्रिंगचा कडकपणा मात्र ना रिंगने बदलतो ना नॉबने. तो तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यावर ठरतो. म्हणजे तो विकत घेतानाच ठरवावा लागतो.

विकणाऱ्याने विचारलं होतं, "रोड की ट्रॅक?" मी म्हणालो, ट्रॅक.

त्याला कारण होतं. आमच्या ऑफिसातल्या चौघांचा एक ग्रुप आहे. महाराष्ट्रातल्या आमच्यासारख्या हौशी लोकांना खऱ्या रेसट्रॅकवर गाडी पळवायची तर बहुतेकदा लांब जावं लागतं. कोइम्बतूरजवळचं कारी, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. आम्ही कारीला गेलो होतो. २.१ किलोमीटरचा छोटा, वळणावळणाचा ट्रॅक. कंपनीच्या मूळ सस्पेन्शनवर माझी गाडी वळणात एवढी झुकायची की बाहेरच्या बाजूचा पुढचा टायर कडेवर घासायचा. परतीच्या हजार-बाराशे किलोमीटरमध्ये मी एकच गोष्ट ठरवली. पुढच्या वेळी गाडी झुकता कामा नये.

म्हणून पुढे ८ किलोची स्प्रिंग घेतली. ८ किलो म्हणजे स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला ८ किलो वजन लागतं. मूळ स्प्रिंग माझ्या अंदाजाने सव्वादोन किलोच्या आसपास होती. म्हणजे मी एकदम साडेतीन पट कडक स्प्रिंग बसवली होती, आणि वर गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली होती. दिसायला अशी झाली होती की पार्किंगमध्ये वळून वळून बघायचो.

त्या दिवशी मी एसटीच्या मागे मागे गेलो. सटाण्याहून देवळा, मग भावडबारी घाट, मग सोग्रस फाट्याला मुंबई-आग्रा महामार्ग. देवळ्यापर्यंत बस माझ्या पुढेच होती. पाट्यांवरची जुनी लाल बस खड्ड्यात डुलत होती आणि सावकाश सरळ होत होती. त्याच खड्ड्यात माझी गाडी ठाण् करून आपटत होती. आप्पा बसमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले असणार. मागच्या चाकावरची सीट ते कधी घेत नाहीत.

दवाखान्यातून परत येताना ते एसटीनेच आले.

त्या रात्री मी आधी सोपा उपाय केला. चारही नॉब पूर्ण मऊ केले. दुसऱ्या दिवशी गाडी आणखी वाईट चालली. आता ती आपटायचीही आणि आपटल्यावर दोन-तीन टप्पेही खायची. कडक स्प्रिंग जोरात मागे ढकलते, आणि तो जोर शोषायचं काम शॉकअपचं असतं. मी त्याचेच हात बांधून ठेवले होते.

मग आप्पांनीच पिकअपची गोष्ट काढली. डाळिंबावर तेल्या आल्यापासून आमच्याकडे कांदाच जास्त असतो. एका वर्षी उन्हाळ कांदा भरपूर निघाला. पिकअप भरली की मागून बसायची, म्हणून आप्पांनी मालेगाव रोडवरच्या मिस्त्रीकडून मागे एक पाटा वाढवून घेतला. भरलेली गाडी मस्त सरळ उभी राहायला लागली. पण बाजार समितीत माल उतरवून रिकामी गाडी घरी आणताना ती ससा उड्या मारतो तशी उडायची. पुढच्या हंगामाआधी त्यांनी तो पाटा काढून टाकला.

"का काढला?" मी विचारलं.

"माल आठवड्यातून दोनदा भरतो. बाकी दिवस मीच बसतो ना तिच्यात."

इंजिनिअरिंगला व्हायब्रेशनचा धडा मी पाठ केला होता. परीक्षेत सूत्र लिहून मार्कही घेतले होते. आप्पा त्याच सूत्राबद्दल बोलत होते. स्प्रिंगवर उभं असलेलं वजन सेकंदाला किती वेळा वरखाली होऊ पाहतं, ते स्प्रिंगचा कडकपणा भागिले वजन, याच्या वर्गमुळावर ठरतं. पाटे तेच राहिले आणि वजन उतरलं की ही वारंवारता वाढते. म्हणून भरलेली पिकअप पाळण्यासारखी डुलते आणि रिकामी अंग मोडते.

मी वही घेऊन बसलो. पोलोच्या पुढच्या एका चाकावर, चाक-ब्रेक वगैरे सोडून आणि माणूस धरून, साधारण ३२० किलो भार येतो. मूळ स्प्रिंगवर वारंवारता निघाली १.३ हर्ट्झ. नेहमीच्या घरगुती गाड्या १ ते १.५ च्या दरम्यानच असतात. माझ्या ८ किलोच्या स्प्रिंगवर निघाली जवळपास २.४ हर्ट्झ. हा आकडा ट्रेलरवर घालून ट्रॅकवर नेल्या जाणाऱ्या रेसकारचा. ३-४ च्या पुढे फक्त त्या गाड्या जातात ज्यांना पंखांमुळे हवा खाली दाबते आणि ज्यांचा रस्ता काचेसारखा असतो. बसलेल्या माणसाचं धड साधारण ५ हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त हलतं. म्हणजे गाडीचा आकडा मी आप्पांच्या पाठीच्या दिशेने सरकवत नेला होता.

दुसरी चूक उंचीची. गाडी ४० मिलिमीटर खाली घेतल्यावर चाकाला वर जायला जागाच उरली नव्हती. प्रत्येक मोठ्या खड्ड्यात शॉकअप रबरी स्टॉपवर आदळत होता. आई म्हणायची तो 'ठाण्' हाच.

मग स्वतःलाच विचारलं, मी हे सगळं कशासाठी केलं? आमच्या कामात एक साधा नियम आहे. प्रोग्राम नेमका कुठे वेळ खातो ते मोजल्याशिवाय तो वेगवान करायला बसायचं नाही. गाडीच्या बाबतीत मी काहीच मोजलं नव्हतं. आता मोजलं. वर्षभरात गाडी १४ हजार किलोमीटर चालली होती. त्यात ट्रॅकवरच्या ३५ फेऱ्या, म्हणजे साडेत्र्याहत्तर किलोमीटर. अर्धा टक्का. त्या अर्ध्या टक्क्यासाठी मी बाकीचा साडेनव्याण्णव टक्के रस्ता खराब करून घेतला होता. आप्पा निदान आठवड्यातून दोनदा तरी माल भरत होते.

आणि त्या अर्ध्या टक्क्यात तरी फायदा किती झाला? कडक स्प्रिंगवर दुसऱ्यांदा कारीला गेलो तेव्हा फेरी सव्वा सेकंदाने कमी झाली, हे मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो. पण त्याच वेळी टायरही नवे होते, हे सांगत नव्हतो.

लहानपणी चुलतभावाबरोबर नाशिकला 'रॅली ऑफ महाराष्ट्र' बघायला गेलो होतो. मातीच्या रस्त्यावर गाड्या उडून खाली यायच्या, चाकं आत दबायची आणि तशाच सुसाट निघून जायच्या. त्या गाड्या मऊ असतात, चाकाला वरखाली जायला भरपूर जागा असते. कारण टायर जमिनीला चिकटून राहिला तरच गाडी वळते आणि थांबते. ओबडधोबड रस्त्यावर कडक स्प्रिंग टायरला हवेत उडवते. घाटातल्या ओल्या वळणावर माझी गाडी बाहेर सरकायची ती याचमुळे. तोवर मला वाटायचं, आपलं ड्रायव्हिंग कमी पडतंय.

शेवटी पुढे ४ किलोची स्प्रिंग मागवली. गंमत अशी की कडकपणा निम्मा केला तरी वारंवारता निम्मी होत नाही, कारण मध्ये वर्गमूळ आहे. २.४ वरून ती १.७ वर आली. मागची स्प्रिंग अशी निवडली की मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त राहील. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी दाखवून दिलेली ही युक्ती आहे. स्पीडब्रेकरवर आधी पुढचं चाक चढतं, मग मागचं. मागचा भाग थोडा लवकर हलला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी होडीसारखी पुढे-मागे झुलत नाही. मऊ स्प्रिंगला दबायला जास्त जागा लागते, म्हणून गाडी २५ मिलिमीटर वर घेतली. पार्किंगमध्ये आता कोणी वळून बघत नाही. मीही नाही.

फोन बाजूच्या सीटवर चिकटवून देवळ्यापर्यंतच्या त्याच तुकड्यावर, त्याच वेगाने, आधी आणि नंतर हादरे नोंदवले. एका लहान प्रोग्रामने तुलना केली. हादरे साधारण एक तृतीयांशाने कमी झाले होते.

तुम्ही असं काही करणार असाल तर एक गोष्ट आधी बघा, जी मी नंतर बघितली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या नोंदणीतल्या तपशिलांत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. विमा कंपनीला न विचारता पान्याला हात लावू नका.

तिसऱ्यांदा कारीला गेलो तेव्हा गाडी वळणात थोडी झुकली. टायर तेच होते. फेरीला आधीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागला. तो मला हवा होता, खोटं कशाला बोलू. पण मग परतीच्या हजार किलोमीटरमध्ये कंबर दुखली नाही.

पुढच्या तपासणीला आप्पा माझ्या गाडीत बसले. बसले म्हणण्यापेक्षा आईने बसवले. घाट उतरेपर्यंत त्यांनी दाराच्या वरचं हँडल धरून ठेवलं होतं. मी तिकडे न बघता गाडी चालवत होतो. सोग्रसला चहाला थांबलो तेव्हा ते उतरून सरळ उभे राहिले, कंबरेवर हात ठेवून एकदा मागे वाकून बघितलं.

"सीट फार खाली आहे," ते म्हणाले. "उतरताना त्रास होतो."

"आणि हादरे?"

"हादऱ्यांचं काय. रस्ताच तसा आहे." चहा संपवून म्हणाले, "मागच्यासारखी आपटत नाही."

सीटवर ठेवायला मी एक जाड उशी घेतली आहे. परवा त्यांचा फोन आला होता.

"बारा तारखेचा नंबर लावलाय. तू येतोयस, की एसटीने जाऊ?"